छातीइतकं पाणी

गेल्या सोमवारी मी एक मूर्खपणा केला. काशीगावातल्या अण्णांच्या टॉवरच्या गेटवर नेहमीसारखा इंटरकॉम उचलला आणि म्हणालो, "वहिनी, अण्णांना खाली पाठवा, मी पाण्यात उतरतोय." "हो, पाठवते," वहिनी म्हणाल्या... आणि मग दोघांनाही एकदमच आठवलं. अण्णांना जाऊन महिना झाला होता. मला रिसीव्हर ठेववेना, त्यांनाही ठेववेना. वॉचमन उगाच रस्त्याकडे बघत राहिला.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. वयाने मोठे, तरी शेवटपर्यंत मला 'भावोजी' आणि 'तुम्ही'. दोन वर्षांपूर्वी एकट्याने कपाट सरकवण्याचा पराक्रम करताना माझी कंबर धरली. डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम चालतील म्हटलं, तसे अण्णा मला त्यांच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर घेऊन गेले. त्यांची कंबर तिथेच सुधारली होती. पोहता दोघांनाही येत नव्हतं. "पोहायला कोण आलंय, भावोजी? छातीइतकं पाणी, पाय जमिनीला, बस्स." पाठ भिंतीला टेकवायची, पोट हलकं आत घ्यायचं, श्वास न रोखता एकेक गुडघा सावकाश वर आणायचा. "पोट आत घ्या." "आतच आहे, अण्णा." "मग हे बाहेर कोणाचं आलंय?" स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून मी पाण्यात चालायचो आणि ते बाजूने बघत यायचे. कमरेत बाक आला की एवढंच, "भावोजी, पाठ." एकदा पोरांचं बघून मीही उड्या मारल्या आणि कळ थेट पायात उतरली. अण्णांनी हाताला धरून मला पायऱ्यांपर्यंत आणलं. "आज पुरे. दुखलं की थांबायचं. इथे पदक कोण देतंय?"

...आणि त्याच अण्णांनी छातीत दुखतंय हे कोणालाच सांगितलं नाही. दोन दिवस छाती चोळत होते, गॅस झालाय म्हणत होते, हे वहिनींनी नंतर सांगितलं. त्या दोन दिवसांत एकदा ते माझ्याबरोबर पाण्यातही होते. दीड तास माझी पाठ बघत होते. मी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं असतं तर... पहाटे फोन आला तेव्हा मी टॉवेल पिशवीत भरत होतो.

सोमवारी मी तसाच परत आलो. बायकोला इंटरकॉमचं सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिने पिशवीतून टॉवेल काढला, हात फिरवला, कोरडा होता. घडी उगाचच मोडून पुन्हा घातली.

"उद्या मी येते बरोबर," ती म्हणाली. "काठावर बसेन. बाक आला की 'पाठ' म्हणून सांगेन."

मग टॉवेल परत पिशवीत ठेवताना, "'भावोजी' तेवढं नाही हो म्हणता येणार मला."