साडूभाऊ सॉफ्टवेअर बदलतात

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील समस्त नातलग, भजनी मंडळे, शेजारीपाजारी आणि सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर, या सर्वांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की आमच्या साडूभाऊंनी अखेर निर्णय घेतला आहे. ही बातमी ऐकून ज्यांना घेरी आली असेल त्यांनी खाली बसावे, वाटीभर सोलकढी प्यावी आणि मग पुढे वाचावे. कारण साडूभाऊंइतका सावकाश विचार करणारा माणूस तेरेखोल नदीच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. गोव्याला घटकराज्य व्हायला वेळ लागला असे लोक म्हणतात. ज्यांनी साडूभाऊंना चपला घेताना पाहिले आहे ते तसे म्हणणार नाहीत.

ती चपलांची गोष्टच आधी सांगतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साडूभाऊ चपला घ्यायला बसले. एका पायात जुनी, दुसऱ्या पायात नवी, अशी तुलना करत दुकानापुढे फेऱ्या सुरू झाल्या. फेऱ्या हळूहळू लांबल्या, आणि शेवटी दुकानदाराला ते मासळीबाजारात सापडले. तोंडाने पुटपुटणे चालू होते, "जुनी सवयीची, पण नवी मऊ. नवी मऊ, पण जुनी सवयीची." दुकानदार म्हणाला, "पात्राव, एक पाय तरी परत करा!"

गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, या चळवळीच्या दिवसांत तर त्यांच्या हळर्णच्या घरी दोन्ही बाजूंची माणसे सहीसाठी यायची. आमचे हे गृहस्थ घरात कोकणी बोलणार, पत्र मराठीत लिहिणार, भजन मराठीत म्हणणार आणि म्हशीला दोन्ही भाषांत शिव्या घालणार. त्यांनी दोन्ही पक्षांना बसवून चहा पाजला, दोघांचेही म्हणणे बरोबर असल्याचे मान्य केले आणि "विचार करून सांगतो" म्हणून निरोप दिला. पुढे कायदा झाला, राज्य झाले, सह्या मागणाऱ्यांना नातवंडे झाली. साडूभाऊंचे उत्तर अजून यायचे आहे.

नोकरी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या कारखान्यात. काम काय, तर सरबतासारख्या औषधाची बाटली उजेडाकडे धरायची आणि पास की नापास ते सांगायचे. देवाने एखाद्याची थट्टा करायची ठरवली की अशी करतो. त्यांच्यासमोर बाटल्यांची अशी रांग लागायची की पलीकडे झाकण लावणाऱ्या बायका गजरे विणून घ्यायच्या. पण त्यांच्या हातून एकही वाईट बाटली कधी बाहेर गेली नाही, हेही तितकेच खरे.

आता मूळ विषय. साडूभाऊंना पेटीचा नाद, आणि निवृत्तीनंतर ध्वनिमुद्रणाचा. मागच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी काजूची रिकामी पोती ठोकली. आवाज घुमू नये म्हणून. तिथे एक संगणक, एक माईक, एक पेटी आणि कुठल्याशा काळातले एक सॉफ्टवेअर. गावातल्या भजनी मंडळाच्या आरत्या, कोणाच्या बारशाचा पाळणा, जे सापडेल ते मुद्रित करायचे आणि मग दिवसचे दिवस बसून त्यातून कोंबडीचे ओरडणे, नारळ पडल्याचा धप्प आवाज, पोदेराच्या भोंग्याचे पोंकपोंक असे सगळे निवडून काढायचे. तांदळातले खडे काढावेत तसे. एकदा माझी शिंक त्यांनी अशा बेमालूमपणे काढली की आपण खरेच शिंकलो होतो का, असा मला संशय आला.

या जुन्या सॉफ्टवेअरला मात्र एक खोड होती. एका वेळी एकच आवाज घ्यायचे. आधी गाणे भरायचे, मग ते कानांत ऐकत त्यावर पेटी भरायची. आणि ही पेटी संगणकात पोचायची ती उशिरा, पेडण्याच्या शेवटच्या बससारखी. दुसरा कोणी असता तर त्याने दुरुस्ती शोधली असती. साडूभाऊंनी स्वतःलाच दुरुस्त केले. ते किंचित आधी वाजवू लागले. शब्द यायच्या जरासे आधी बोट पट्टीवर. तो सूर उशिरा पोचायचा आणि बरोबर शब्दावर बसायचा. वर्षानुवर्षे असा रियाज झाल्यावर व्हायचे ते झाले: साडूभाऊ आयुष्यातच थोडे आधी वाजू लागले. आरतीत टाळ्या आधी. फोनवर आपण "काय, कसे..." म्हणेपर्यंत तिकडून "बरे आसा!" देवळात गुरव गाऱ्हाणे घालत असला की तो श्वास घेईपर्यंत हे "व्हय म्हाराजा!" ठोकून मोकळे. एकदा तर गुरवाने एवढेच म्हटले होते, "ह्या गावार जां काय संकट येतला..." आणि साडूभाऊ खणखणीत आवाजात "व्हय म्हाराजा!" सगळे देऊळ वळून बघत राहिले.

ठरवायला सर्वांच्या मागे आणि सुरू करायला सर्वांच्या पुढे, असा हा माणूस.

हे सगळे असेच चालले असते. पण अक्काच्या गळ्यात गाठ निघाली. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची पत्नी. आमचे सासरे भजनी बुवा होते, आणि गवळणींच्या त्यांच्या अशा काही चाली होत्या की त्या दुसऱ्या कोणाला येत नव्हत्या. मुलींना त्या काळी मंडळात कोण बसवणार? अक्काने त्या दाराआड उभी राहून उचलल्या. बुवा गेले, मंडळातले म्हातारे गेले, चाली अक्काच्या गळ्यात राहिल्या. पणजीच्या डॉक्टरांनी सांगितले की गाठ साधी आहे, भिऊ नका, पण शस्त्रक्रियेनंतर आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री देता येत नाही.

अक्का घरी आली, पदर खोचला आणि म्हणाली, "बाबांच्यो चाली भरून ठेवया. पण मी माईकात तोंड घालून एकटी गाऊची नाय. तुमी समोर पेटी घेऊन बसा. कुठला अक्षर किती ताणूचा ता मी त्या वेळार ठरवतंय."

म्हणजे दोन माईक, दोन आवाज, एकाच वेळी. जुन्या सॉफ्टवेअरला ते जमण्यासारखे नव्हते. नवे घ्यायला हवे होते. आणि इथेच महाभारत सुरू झाले.

साडूभाऊंनी नवे सॉफ्टवेअर महिनाभराच्या चाचणीवर घेतले आणि तराजू उचलला. नव्याला दोन माईक चालतात, पण बटणे फार. जुने एका माईकचे, पण कुठे काय आहे ते डोळे मिटून सापडते. नव्याचा रंग काळा, डोळ्यांना बरा. जुन्याचा करडा, पण करड्याची सवय. त्यांनी मला विचारले, मेकॅनिकला विचारले, कदंब बसच्या कंडक्टरला विचारले. पोदेर म्हणाला, "भाटकारा, माका पाव सोडून कायच कळत नाय." तर त्यालाच म्हणाले, "म्हणूनच विचारतंय. तुझा मन साफ आसा." मला एकदा खिन्नपणे म्हणाले, "बैल घेताना दात बघतत. सॉफ्टवेराचे खंय बघूचे?"

चाचणीचा महिना संपत आला तेव्हा त्यांनी काय केले असेल? संगणकाची तारीख मागे नेली. पुन्हा संपत आला, पुन्हा मागे नेली. बाहेर चतुर्थीच्या गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली तरी मागच्या खोलीत, संगणकाच्या तारखेने, शिमगाच चालू होता. मला ही युक्ती भलतीच आवडली आणि मी ती अक्कासमोर वाखाणली. ती नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "संगणकाचां घड्याळ फाटी केलात, बरां केलात. आता डॉक्टराचां फाटी करून दाखवा."

त्या दिवशी जेवणात साडूभाऊंनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. जोवर ठरत नाही तोवर मुद्रण नाही, आणि मुद्रण नाही तोवर शस्त्रक्रियेची तारीखही दूर, असा काहीतरी हिशेब त्या मोठ्या डोक्यात चालला असावा, अशी शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली.

शेवटी प्रकरण देवाकडे गेले. आमच्याकडे लग्न, जमीन, विहीर, काहीही अडले की देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायांकडे ईलो..."

"व्हय म्हाराजा!" साडूभाऊ.

"अरे, माका पुरा करूक दी! ...ईलो आसा. त्येच्या घरात जां काय सॉफ्टवेअर आसा, तां बदलूचा काय नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"...ह्येचो कौल तू दी. बदलूचा आसल्यार उजवी..."

"एक मिनिट," साडूभाऊ पुढे सरसावले. "देवाक सांगा, जुना काडून टाकूचा नाय. बाजूक ठेवूचा. नवा फक्त गवळणींक. आरतेक जुनाच. आणि नव्याची बटणां जर..."

"देवाक एक विचारतत, सात नाय!" गुरव कडाडला. आणि नेमक्या त्याच वेळी पाकळी पडली. उजवी की डावी, ते कोणीच पाहिले नाही, कारण सारे देऊळ साडूभाऊंकडे बघत होते. गुरव म्हणाला, "देवान सांगलां. आता तुमी आयकूक नाय ताचां देव काय करतलो?"

शस्त्रक्रिया आठवड्यावर आली तेव्हा मी रविवारी हळर्णला गेलो. साडूभाऊ विजयी मुद्रेने संगणकासमोर बसले होते. अक्काबरोबर नव्यावर एक गवळण त्यांनी भरून पाहिली होती, आणि नव्याचा दोष सापडला होता.

"बघ," ते मला म्हणाले. पडद्यावर दोन पट्ट्यांवर आवाजाचे डोंगर उमटले होते. "ही माझी पेटी. कशी वेळेर आसा! आणि हो खालचो अक्काचो आवाज. दरेक वेळा मागसून. हां नवां उशीर करता. जुनाच बरां."

हात पुसत अक्का दारात आली. पडद्याकडे निरखून पाहू लागली.

"वरचो डोंगर तुमचो?"

"व्हय."

"खालचो माझो?"

"व्हय."

"आणि दोनूय एकाच वेळार भरले?"

"व्हय." हे मात्र जरा उशिरा आले.

"मगे उशीर कोण करता? तुमीच फुडे धावतात." ती हसली नाही. "माका वाटलां, गाठ झाल्यापासून मीच फाटी पडाक लागलंय. म्हणान मी धावत होतंय तुमच्या फाटसून."

मी भिंतीवरच्या पोत्यांवरची अक्षरे वाचू लागलो. साडूभाऊ त्या डोंगरांकडे बघत बसले. उजेडाकडे धरलेल्या बाटलीकडे बघायचे, अगदी तसे. मग म्हणाले, "नापास." ते कशाला म्हणाले, हे आम्ही दोघांनीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला, ये. लाल बटण दाबायला माणूस हवा होता. कोंबड्या शेजाऱ्यांकडे पाठवल्या होत्या. पोदेराला आदल्या दिवशीच बजावले होते की भोंगा न वाजवता पाव कठड्यावर ठेव. मी पाहिले तर साडूभाऊ संगणकाकडे पाठ करून बसलेले. समोर अक्का, मध्ये पेटी. नवे सॉफ्टवेअर माझ्या ताब्यात.

"निर्णय झाला?" मी विचारले.

"बटण दाब," ते म्हणाले.

अक्काने सुरुवात केली. पहिल्या ओळीला साडूभाऊंची बोटे सवयीने पुढे सरकली, आणि पट्टीला टेकायच्या आत त्यांनी ती मागे घेतली. त्या माणसाच्या कपाळावर घाम फुटला. धावत्या म्हशीचे दावे धरून ठेवावे तशी ती बोटे त्यांनी धरून ठेवली होती. नजर अक्काच्या तोंडावर. अक्काने एक अक्षर ताणले, आणखी ताणले, बुवांची ती खास जागा घेतली, खाली उतरली, आणि तिने पाय टेकल्यावरच मागून पेटी आली. मग प्रत्येक ओळीला तसेच. गवळणीमागून गवळण झाली. शेवटचा सूर थांबला तरी बटण बंद करायचे मला सुचले नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. अक्का ठणठणीत आहे, आणि सुनेला, म्हशीला आणि आम्हाला रागावण्यापुरता आवाज शाबूत आहे. पण तो जाड झाला आहे, खाली बसला आहे, शेजारच्या खोलीतून दुसरेच कोणी बोलावे तसा. बुवांच्या त्या उंच जागा आता तिला घेता येत नाहीत. संध्याकाळी कधी ती खालच्या पट्टीत एखादा अभंग म्हणते, आणि साडूभाऊ पेटीवर तिची नवी पट्टी शोधत तिच्या मागून हळूहळू जातात. नवे सॉफ्टवेअर त्यांनी रीतसर विकत घेतले. मागच्या खोलीतला शिमगा संपला, आणि संगणकात आता आजचीच तारीख असते.

त्या गवळणी आम्ही सगळे ऐकतो. साडूभाऊंनी त्यांतून श्वास, खाकरणे, बांगड्यांचा आवाज, दूर कुठे भुंकलेले कुत्रे, सगळे निवडून काढले आहे. फक्त शेवटच्या गवळणीच्या अखेरीचा तुकडा तेवढा तसाच ठेवला आहे. मी एकदा म्हटले, हे गाण्याचे नव्हे, कापायला हवे. ते म्हणाले, "विचार करून सांगतो." सूर विरतो, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग अक्काचा तो जुना, स्वच्छ, उंच आवाज येतो:

"अगे बाय! आज तुमी माझ्यासाठी थांबलात!"