धुरपताचं अळणी घर

चिखल्याच्या खाण-कॉलनीत धुरपताशी भांडून कोणी जिंकल्याचं मला आठवत नाही. मी तिची शेजारीण, माझीही जीभ काही कमी नाही, तरी हरलेच.

तिच्या सात वर्षांच्या प्रतिक्षाला जन्मापासून खोकला. पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, सिस्टिक फायब्रोसिस, आणि समजावलंही. छातीतल्या ग्रंथींच्या पेशींना मीठ-पाणी सोडायला दोन दारं असतात. एक हिचं जन्मतःच बंद. दुसरं कॅल्शियमचा निरोप आला की उघडतं, पण ते एकटं पुरत नाही; म्हणून कफ डिंकासारखा. घामातून मात्र मीठ वाहून जातं. उन्हाळ्यात मीठ जास्त द्या.

हे शेवटचं धुरपताला पटलंच नाही. आमच्या खाणीत बीपीवाले पुष्कळ, आणि बीपीवाल्याचं मीठ बंद, हे पोराटोरांनाही ठाऊक.

"पोरीच्या अंगावर मीठ फुटून राहिलं, न् अजून कायले देऊ? डॉक्टरले सांगाले का जाते!"

तिनं प्रतिक्षाचं मीठ तोडलं. पोरीला एकटं वाटू नये म्हणून नवरा-बायकोही अळणी जेवू लागले. मी टोकलं, तर माझ्याशीच अबोला.

मे महिन्यात भर दुपारी तिची हाक आली, "उषाबाई, धावा जी!" पोर ओकून ओकून लुळी पडली होती. बाप इश्वर खाणीत, खाली. खाजगी जीप थांबवून आम्ही तुमसरच्या दवाखान्याकडे निघालो. वाटेतल्या नाकाडोंगरी गावापर्यंत पोर हाकेला "हूं" म्हणत होती. पुढे तेही बंद झालं. धुरपता तिची पाठ थोपटत राहिली, रोज कफ सुटावा म्हणून थोपटायची तशी. मला तिचा संताप येत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सलाईन लावलं.

"बाटलीत का हाये जी?" धुरपतानं विचारलं.

"मीठ-पाणी. हिच्या अंगात मीठच उरलं नाही."

धुरपता मटकन खाली बसली. तिला सुनवायला वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं मी गिळून टाकलं. संध्याकाळी पोरीनं डोळे उघडले, तेव्हा कुठे आम्ही घोटभर चहा घेतला.

घरी आल्यावर धुरपतानं वरण केलं, सांगितलं तेवढं मीठ घालून. प्रतिक्षानं वाटी चाटूनपुसून संपवली आणि पुन्हा पुढे केली.

"माय, इतकं चांगलं वरण तुले येते, त रोज काहून नाई केलं व?"

धुरपतानं वाटी भरून दिली आणि पदर तोंडात कोंबून मागच्या दारी पळाली.