डोक्यावरच्या रेघा

आमच्या दुबईतल्या टूर कंपनीत हवाई बेटांची माहितीपत्रकं यायला लागली, तेव्हापासून माझा भाव वधारला. तिथल्या हॉटेलवाल्यांची अट असायची, गावांची नावं त्यांच्या चिन्हांसकटच छापायची. काही अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ, काहींच्या आधी वर टांगलेला उलटा स्वल्पविराम. वर्डमध्ये ही चिन्हं एकेक शोधून टाकायची म्हणजे जीव जातो. मी मात्र माझ्या कॉम्प्युटरवर हवाईयन कीबोर्ड चालू करून ठेवला होता. उजवीकडचं ऑल्ट धरून स्वर दाबला की रेघ हजर. शिकायला दोन मिनिटं पुरतात. मॅनेजरला वाटायचं, मी कुणी मोठी जाणकार आहे. मी वाटू दिलं.

मग ती आली. पुण्याची, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. नवऱ्याची नोकरी गेलेली, त्याचा आणि मुलीचा व्हिसा हिच्या नोकरीवर, मुलगी ऊद मेथाच्या शाळेत दहावीला. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण अल नहदाहून रोज मी तिच्याच गाडीतून ऑफिसला जायचे. मला थालीपीठ आवडतं हे कळल्यावर ती डबाही दोघींचा आणायला लागली.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, तुमचं इतकं भरभर कसं होतं? सवयीनं, मी म्हटलं. तोंडात तिचंच थालीपीठ होतं.

स्क्रीनला नाक लावून ती चिन्हांच्या चौकटीतून एकेक रेघ वेचायची, तांदळातले खडे वेचावेत तशी. मला तिची कीव यायची, आणि खरं सांगते, बरंही वाटायचं. तिला सांगितलं असतं तर दोघी सारख्याच झालो असतो. मग माझ्या इथल्या नऊ वर्षांना कोण विचारणार?

तिची पत्रकं उशिरा जात राहिली. सहाव्या महिन्यात मॅनेजरनं तिला आत बोलावून सांगितलं, काम फार स्लो आहे, खलास.

शेवटच्या दिवशी मला घरापाशी सोडताना ती म्हणाली, "ताई, तुम्हाला एक फाइल मेल केलीय. सगळ्या गावांची नावं आहेत, चिन्हांसकट. आता माझं काम तुमच्या अंगावर पडणार. त्यातून कॉपी करा, डोळे तरी वाचतील."

मी थँक्यू म्हटलं. दार नीट लागलं नव्हतं, ते पुन्हा लावलं.

महिन्याभरात तिच्या जागी नवी मुलगी आली. तिनंही विचारलं, कसं करता? मी तिला ती यादी दिली, मीच केलीय म्हणून सांगितलं. कीबोर्डचं अजून सांगितलेलं नाही.