मिरचीची झोळी कडूबाईंनी डिझाइन केली

कडूबाई अडाणी नव्हत्या. ज्यांना तसं लिहायचंय, त्यांनी माझ्या वॉलवर लिहू नये.

आज सकाळी कडूबाई मावशी गेल्या. छातीत दुखलं, भोकरदनला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.
दुपारपासून तीन ग्रुपवर वाचतेय, "अडाणी असूनही किती हुशार होती!"

असूनही म्हणजे काय?

मी मेकॅनिकल डिप्लोमा. जालन्याच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनला होते. मिरची तोडणाऱ्या बायांसाठी काहीतरी करायचं ठरलं आणि मी दोन महिने खपून चाकाची बैठी गाडी बनवली. बसायचं, सरकायचं, तोडायचं. ड्रॉइंग एवढं सुंदर होतं की मी मोबाइलचा वॉलपेपर केला होता.

ती घेऊन मी धावड्याला गेले. तिथं कडूबाई बारा बायांच्या टोळीच्या मुकादम. उन्हानं रापलेल्या, उंच, आवाज असा की चार शेतं पलीकडं ऐकू जावा.

मावशी गाडीवर बसल्या. ओल्या सरीत चाक रुतलं. मावशी आडव्या, सोबत मिरचीची दोन झाडं आडवी.

उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या,
"एकच आणलं?"
"हो मावशी."
"साडी घ्यायला गेली तं एकच बघून येती का गं तू?"

मला राग आला. खरं सांगते, खूप राग आला.

पण पुढच्या रविवारी परत गेले. कात्री, सुतळी, शेडनेटचं कापड आणि जुनी पोती घेऊन. लिंबाखाली बसून बायांनी जे सुचेल ते केलं. कुणी कमरेला बादली बांधली, कुणी पाठीवर पोतं, कुणी सायकलच्या ट्यूबचा पट्टा. मधेच मी म्हटलं, "हे नाही चालणार."
मावशी खेकसल्या, "आत्ताच कामून मारती त्याला? आधी होऊ दे की!"

संध्याकाळपर्यंत चौदा नमुने झाले.

मंग मी तक्ता काढला. प्रत्येक नमुन्याला पाचपैकी मार्क द्या म्हटलं.
सगळ्यांनी सगळ्याला पाच दिले. मॅडम एवढ्या लांबून आल्यात, वाईट कसं म्हणायचं?

मावशींनी तक्ता माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि परत दिला.
"तोंडाला इचारू नको. तोंड खोटं बोलतं. उद्या हेच गळ्यात पडन आमच्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच परीक्षा लावली. प्रत्येकीनं प्रत्येक नमुना बांधून एक ओळ तोडायची. बोलायचं न्हाई. जाच झाला की काढून बांधावर टाकायचा.

मी बांधावर बसून बघत होते. बादली अर्ध्या ओळीतच आली. ट्यूबचा पट्टा खांदा कापत होता, तो आला. दुपारच्या भाकरीपर्यंत बारा नमुने माझ्याभोवती पडले होते.

दोन उरले. एकाचं वजन कमरेच्या दोन्ही बाजूंना बराबर वाटलं जात होतं. दुसऱ्याला खालून नाडी होती. ओढली की मिरची न वाकता पोत्यात.

मी विचारलं, "यातला कोणता?"
मावशींनी विळा घेतला. दोन्ही कापले. एकाचं वरचं, दुसऱ्याचं खालचं, जोडून एक झोळी केली.

दोन नमुन्यांतलं चांगलं तेवढं जोडून तिसरा करायचा, हे कॉलेजात मी तीन मार्कांसाठी पाठ केलं होतं. होताना तिथं पाहिलं.

कारखान्यात काय बनवायचं, त्या निवडीची मीटिंग होती. मी मावशींना सोबत नेलं. आमच्या डिझाइनच्या सरांनी स्क्रीनवर तक्ता लावला. दिसणं, नवेपणा, उत्पादन, प्रदर्शनात उठाव. चाकाची गाडी पहिली, झोळी शेवटची.

मावशींनी सगळे रकाने मला मोठ्यानं वाचायला लावले. मंग विचारलं,
"ह्याच्यात पाठ कुठंय?"
"म्हणजे?" सर म्हणाले.
"आमची पाठ. तिला मार्क कुठं हायत?"

सर हसले. "मावशी, तुमचं शिक्षण किती?"
"चौथी. तुमी मिरची किती दिस तोडली?"

सर परत स्क्रीनकडं वळले.

"मंग बराबरी झाली. तुमचं मला येत न्हाई, माझं तुमाला येत न्हाई. पण त्या गाडीवर बसायचं मला हाय."

तरी गाडीच निवडली. निवडीच्या कागदावर पाच सह्या लागायच्या. चार झाल्या. मी पेन खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

परतीच्या एसटीत मला रडू फुटलं. मावशींनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही.
"सही न्हाई केली ते बिलकुल बराबर केलं. आता रडून नको राहू. कापड आण."

नोकरी सोडली. भोकरदनच्या एका शिंप्याकडे झोळ्या शिवायला लागलो. पहिल्या चार मावशींनीच नापास केल्या. पाचवी बांधून त्या दिवसभर राबल्या आणि संध्याकाळी काढायला विसरल्या. तेव्हा मी समजले, पास.

मी आतल्या बाजूला 'कडूबाई' असं नाव शिवून आणलं होतं.
"आत कामून? आमी काय चोरी केली? भाईर शीव!"

बाहेर शिवलं. आज धावड्यापासून केदारखेड्यापर्यंत बायांच्या कमरेला ते नाव आहे. गाडीचं काय झालं, मला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "झोळी वली झाली की जड होती गं. झालं म्हणून बसू नको."

बसणार नाही, मावशी.

आणि उद्यापासून कुणी मला विचारलं, डिझायनर कोण, तर मी पूर्ण नाव सांगेन, गाव सांगेन, आणि समोरच्यानं ते लिहून घेईपर्यंत तिथून हलणार नाही.

कडूबाई मावशी, तुमच्या वैशालीचा तुम्हाला शेवटचा जय भीम.