आंटी हसली तेव्हा

ऑस्ट्रेलियाच्या या लाल मातीतल्या गावी काल हॉलमध्ये सिनेमा दाखवला. इथल्याच एका आदिवासी पोराच्या खुनाचा. पडद्यावर पोलिसानं त्याच्या आईचं दार हळूच वाजवलं आणि शेजारच्या खुर्चीतली आदिवासी आंटी फिसकन हसली. "आमची दारं कधीपासून वाजवायला लागले रे हे?"

मी आधी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं का. भारतातून आलेला मी, इथं कायम राहायचा माझा अर्ज सरकारदरबारी अजून अडकलेला. नववीत शाळा सोडलेल्या मला या देशानं पोटापाण्याला लावलं. बंद पडलेली माझी गाडी इथल्याच पोलिसानं ढकलली होती. एकच गाव कुणाचं दार वाजवतं, कुणाचं लाथेनं उघडतं.

"तुला बरं वागवतात ना?" आंटीनं विचारलं.

"हो," म्हणालो खरा, पण तिच्याच ताटातला घास उचलल्यासारखं वाटलं.