पावण्यांपुरता मास्क

माल बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली आणि सुपरवायझरनं माझ्या तोंडावरचा मास्क ओढून घेतला. रबर गालावर सटकन बसलं.

"आण हिकडं. पावण्यांपुरता हुता त्यो."

रांगेतल्या सगळ्या बायकांचे मास्क त्यानं दोन बोटांत धरून पिशवीत टाकले. बूटही काढून घेतले. आम्ही अनवाणी आमच्या चपला शोधत फिरलो.

कोल्हापूरजवळची फौंड्री. मी गडमुडशिंगीची, बारावी पास. लोखंडाचे ओतलेले भाग मशीनवर घासून गुळगुळीत करायचे, हे आमचं काम. ते भाग परदेशात जायचे, तिथल्या मोटारींना बसायचे. धूळ मात्र इथंच राहायची. आमच्यात. संध्याकाळी थुंकलं तरी काळं पडायचं.

शेजारच्या मशीनवर शालनमावशी. तिनंच मला काम शिकवलं. खोकला आला की मशीन बंद करून खाली बसायची. परत उठायची.

त्या दिवशी मी मॅनेजरला गाठलं.

"सायेब, मास्क ऱ्हाऊ द्या की आमच्याकडं."

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"अगं, त्यांच्या देशात ही धूळ चालत नाही, म्हणून तर हे काम आपल्याकडं आलं. उपकार मान."

उपकार! घरी भाकरी पुढ्यात घेतली आणि आज्जी आठवली. आम्ही बौद्ध. माझ्या आज्जीच्या ओंजळीत गावात वरून पाणी ओतायचे, ते मी नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी अंगावर कळलं.

पुढं शालनमावशी सरकारी दवाखान्यात पडली. डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ बसलीय, ती आता निघायची नाही. मी भेटायला गेले. माझा हात धरून म्हणाली, "माझं झालं गं. तू बघ तुझं." एवढंच. थोड्या दिवसांत गेली. कारखान्यातनं कुणी फिरकलं नाही. तिच्या मशीनवर दुसरी बाई उभी राहिली.

मग परत पाहुणे आले. सकाळीच पिशवी निघाली. सुपरवायझरनं मास्क माझ्यापुढं धरला. मी हात पुढं केला नाही.

"घाल की."

"माघारी घेणार न्हवं? मग न्हाय घालत."

"घरी बसायचंय व्हय गं तुला?"

मी मशीन चालू केलं. उघड्या तोंडानं. पाहुण्यांत एक उंच बाई होती, तोंडावर स्वतःचा जाड मास्क. माझ्याजवळ येऊन थांबली. मी मशीन बंद केलं. बारावीपर्यंत शिकलेलं सगळं इंग्रजी गोळा केलं आणि सांगितलं, मास्क तुम्हाला दाखवायला देतात, तुम्ही गेलात की काढून घेतात. शेजारच्या मशीनवरची बाई ह्या धुळीनं मेली.

मॅनेजर घाईघाईनं काहीतरी बोलला. पण बाईला कळलं होतं. तिच्या डोळ्यांत दिसलं मला. तिनं माझ्यापुढचा घासलेला भाग उचलला. त्यावरनं बोट फिरवलं. "गुड," म्हणाली आणि पुढं गेली.

तोवर मला वाटायचं, तिकडच्यांना ठाऊक नसंल. कुणी सांगितलं तर थांबवतील. खुळी मी! त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर काम इथं होतं. त्यांचा माल स्वस्त, आमचा मॅनेजर खूश, आणि मधी शालनमावशीची छाती.

दुपारी मला काढलं. दुसऱ्या फौंड्रीनंही दारात उभं केलं नाही. आता कोल्हापुरात, राजारामपुरीत एका खानावळीत भांडी घासते. पण पहिल्या पाळीच्या वेळेला रोज त्या गेटवर जाते. आत जाणाऱ्या बायकांना शालनमावशी कशानं मेली ते ओरडून सांगते. बहुतेक जणी मान खाली घालून जातात. एक रडकुंडीला येऊन म्हणाली, "जा की बाई, आमचं बी काम घालवशील." तिच्या घरात दुसरं कमावतं कुणी नाही. तिचं काय चुकलं?

वॉचमन हाकलतो. मी रस्त्याच्या पलीकडं जाते आणि तिथनं ओरडते. माझाही खोकला आता थांबत नाही. आवाज आहे तोवर येणार. मालक असो, परदेशातली बाई असो, "आम्हाला माहीत नव्हतं" असं मी कुणालाही म्हणू देणार नाही.