लाल बटणाची वायर

चौथीत शाळा सुटली, पण शिडी मला वाचता येते. दोन उभ्या रेघा, मधे पायऱ्या, पायरीवर बटणं आणि करंट जोडणारे-तोडणारे रिले. डावीकडचा करंट उजवीकडे पोचला की मशीन चालू. वायरिंगच्या नकाशाचा हा कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला असायचा, त्याबरहुकूम मी वायरी ओढायचो. पुढं रिले गेले, कॉम्प्युटरचा डबा आला. वायरमन लोक प्रोग्रॅमच्या इंग्रजी ओळी शिकायचे नाहीत, म्हणून डबेवाल्यांनी पडद्यावर आमचीच शिडी काढली, असं सांगतात. मला ते खरं वाटतं आणि त्याचा तोराही आहे.

गेल्या वर्षी महादेवपुऱ्यातल्या एका वर्कशॉपनं पत्रा दाबायच्या जुन्या प्रेसला डबा बसवायला बोलावलं. तिथली इंजिनीअर पोरगी नागपूरची.

"काका, प्रोग्रॅम मी करू का?"

"तू चहा पी. शिडी मी काढतो."

कागदावर होती तशीच काढली. थांबवायच्या लाल बटणातून करंट सतत वाहतो, दाबलं की तुटतो. पडद्यावरही तेच चिन्ह टाकलं. मशीन हलेना.

"काका, इथं ते चिन्ह उलटं काढतात. करंट येतोय का, ते डबा स्वतः बघतो; तुमचं चिन्ह तो 'करंट नसेल तरच चालव' असं वाचतो."

"मला शिकवू नकोस."

ती जेवायला गेली. मी पडद्याला हात लावला नाही, बटणाचीच वायर दुसऱ्या टोकाला जोडली. आता दाबल्यावरच करंट जाणार. मशीन धावलं, दाबल्यावर थांबलंही. हत्यारं आवरली आणि बनशंकरीची बस धरली.

बसमध्ये ध्यानात आलं. आधी वायर तुटली तर करंट तुटून प्रेस आपोआप थांबायचा. आता वायर तुटली तर बटण कितीही दाबा, डब्याला कळणारच नाही. प्रेस दिवसभर हादरतो. त्यावर काम करणारी अथणीकडची अक्का हातानं पत्रा आत सरकवते, आणि तिची शिफ्ट दोनला सुरू होते. पोरीला फोन लावावा, तर सांगू काय? दोन स्टॉप तसाच बसलो. मग लावला, तिनं उचलला नाही. उतरून रिक्षा केली. "स्वल्प बेग, अण्णा," जरा लवकर, एवढंच रिक्षावाल्याला कन्नडात म्हणत राहिलो.

पोचलो तेव्हा प्रेस चालू होता. मी मेन स्विच पाडला.

"काय झालं अण्णा?" अक्कानं विचारलं.

"हात बाहेर काढ."

पोरगी धावत आली. तिला सगळं सांगितलं, मान वर न करता. वायर पूर्वीच्या टोकाला आणली. चिन्ह तिनं बदलायला घेतलं, तशी म्हणालो, "सावकाश कर, मला बघू दे."

प्रेस रिकामा चालवून मी बटणाची वायर उपटली. थांबला. परत जोडली, परत उपटली. आणखी एकदा तेच.

"झालं की अण्णा," अक्का म्हणाली, "तीनदा बघितलंत."

"तू लांब उभी राहा," म्हणालो आणि चौथ्यांदा वायर उपटली.